कच्चा लिंबू

वर्षाकाठी दोन-तीनदा तरी तसा एखादा व्हिडिओ फोनवर येऊन पडतो. देश सोडून आलेलं एक मूल वर्गाच्या दारात उभं आहे, पाठीवर कोरं दप्तर, आणि आतली मुलं धावत येऊन त्याला मिठ्या मारतायत. एकीने त्याच्या भाषेतला नमस्कार पाठ केलाय. बाईंचे डोळे भरून आलेत. मग वाद सुरू होतो आणि तोही दर वेळी ठरलेल्या वाटेनेच जातो. एक बाजू म्हणते, मुलं ही देवाघरची फुलं. त्यांना सीमा कळत नाहीत, द्वेष आपण मोठे शिकवतो. त्यांना मोकळं सोडा, ती आपोआप मैत्री करतील. दुसरी बाजू म्हणते, शाळा म्हणजे धर्मशाळा नव्हे. आमच्या मुलांनी शिकायचं की जगाचं दुःख वाहायचं? पहिलीला दुसरी निर्दय वाटते, दुसरीला पहिली भाबडी. डोळा मात्र दोघींचाही मुलांच्या मनावर. ते मन किती मोठं आहे आणि किती मोठं असायला हवं, यावरच सगळं भांडण.

मला हा वाद भलत्याच जागी चाललेला वाटतो. निर्वासित मूल वर्गात रुळतं की नाही, हे इतर मुलांच्या चांगुलपणावर फार थोडं अवलंबून असतं. खरं ठरतं ते वर्ग कसा चालतो यावर: कोण कुणाशेजारी बसतं, कुठलं काम कुणाच्या वाट्याला येतं, कुणावाचून कुणाचं अडतं. मैत्री आपोआप होत नाही आणि हुकमाने तर होतच नाही. पण ती होऊ शकेल अशी परिस्थिती उभी करता येते आणि ते काम मोठ्यांचं आहे. आपण नेमकं उलटं करतो. स्वागताचा सोहळा स्वतःकडे ठेवतो आणि मैत्रीचं ओझं मुलांच्या डोक्यावर देतो.

या सोहळ्याने मुलाचं काय होतं, ते सांगणारा शब्द मराठीत आयता आहे: कच्चा लिंबू. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, कारण घरून तशी ताकीद असते. पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो आउट होत नाही, त्याला पकडलं तरी ते धरत नाहीत. तो मैदानात असतो, पळतो, ओरडतो, पहिले काही दिवस खूशही असतो. खेळात मात्र नसतो, आणि हे सगळ्यांत आधी त्यालाच कळतं. ज्याने लहानपणी एक अख्खी संध्याकाळ कच्चा लिंबू म्हणून काढली आहे त्याला विचारा, आउट न होण्यात सुख होतं का? निर्वासित मुलाला आपण मायेने जे देतो ते बहुतेक वेळा हेच असतं. गृहपाठ माफ, चूक माफ, उशीर माफ, रागसुद्धा माफ. भिडू म्हणून हाक मात्र कुणी मारत नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस भाषा शिकवायला जात होते. वर्षाच्या मध्यावर तिथे नऊ वर्षांचा एक मुलगा आला. कुठल्या देशातून, ते मुद्दाम लिहीत नाही. देशाचं नाव आलं की वाचणारे मुलाकडे बघायचं सोडून त्या देशाच्या राजकारणाकडे बघू लागतात. पहिल्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूंनी त्याचं नाव लिहिलं होतं, तेही चुकलेलं. मुलांनी केलेली ३१ शुभेच्छापत्रं होती. त्याने ती घेतली, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या आणि दप्तराच्या मागच्या कप्प्यात ठेवली. महिन्याने ती तिथेच होती, आणि मधल्या सुट्टीत तो भिंतीला टेकून बुटाची पट्टी उचकटून परत चिकटवत बसलेला असायचा. करर्, करर्. कुणी त्याला त्रास देत नव्हतं. एका मुलीला त्याची 'मदतनीस' नेमलं होतं. ती रोज येऊन विचारायची, "तू बरा आहेस ना?" तो मान हलवायचा. ती जायची, तिचं काम झालेलं असायचं. तिची काहीच चूक नव्हती. नऊ वर्षांच्या मुलीला आपण एक नोकरी लावून दिली होती आणि ती इमानेइतबारे करत होती.

गोष्ट हलली ती कुणाच्या दयेने नव्हे. एक दिवस रिले शर्यतीत एक जण आजारी पडला म्हणून या मुलाला घेतलं. दांडू त्याच्या हातून पडला. तुकडी हरली. दोघं जण त्याच्या अंगावर ओरडले. तो आधी त्याच्या भाषेत ओरडला, मग आमच्या भाषेत, लिंग-वचनाचा पार चुराडा करत, पण कुणालाही कळेल असं: आधीच्याने दांडू नीट दिलाच नाही. शिक्षक धावले. "अरे, त्याला बोलू नका, तो नवीन आहे." त्यावर त्याच्याशी भांडणारा पोरगा तणतणत म्हणाला, "नवीन काय? तीन महिने झाले!" त्या वर्षी त्या शाळेत कुणीही त्या मुलाबद्दल काढलेलं ते मला सगळ्यांत मानाचं वाक्य वाटतं. पुढच्या आठवड्यात त्याच दोघांनी त्याला दांडू घेण्याचा सराव करायला लावला. तो सुधारावा म्हणून नव्हे. त्यांना जिंकायचं होतं म्हणून.

एका प्रसंगावरून सिद्धांत बांधू नये, हे मलाही कळतं. म्हणून समोरच्या बाजूचं सगळ्यांत वजनदार म्हणणं आधी घेऊ: आमच्या मुलांचा अभ्यास मागे पडेल, शाळेवर ताण येईल. याला निर्दयपणा म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावं. आपल्या मुलाच्या वर्गात बाईंचा निम्मा वेळ एकाच बाकाकडे जाऊ लागला, तर आपल्या मनात काय येईल? ही काळजी जुनी आहे आणि ती चांगल्या माणसांनीही केली आहे. १९७२मध्ये युगांडाचा हुकूमशहा ईदी अमीन याने तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला फर्मावलं, तेव्हा ब्रिटनमधल्या लेस्टर शहराच्या कौन्सिलने थेट युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की बाबांनो, इकडे येऊ नका. कारणांमध्ये घरांची प्रतीक्षायादी होती आणि शाळाप्रवेशासाठी ताटकळणारी शेकडो मुलंही होती. अडचणी काही काल्पनिक नव्हत्या. तरीही हजारो लोक तिथेच गेले, त्यांची मुलं त्याच शाळांत शिकली आणि आज ते शहर आपली संमिश्र वस्ती अभिमानाने मिरवतं. काळजी खरी होती, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरला. वर्ग भरले असतील तर वर्ग वाढवावे लागतात. मुलांची संख्या हा मुलांचा गुन्हा कसा होईल?

अभ्यास खरोखर मागे पडतो का, हे मोजूनही पाहिलेलं आहे. २०१०च्या जानेवारीत हैतीमध्ये भूकंप झाला आणि हजारो मुलं भर सत्रात अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या शाळांत दाखल झाली. भूकंपाने घर गेलेला माणूस कायद्याच्या काटेकोर अर्थाने निर्वासित नव्हे. पण वर्गातल्या बाकाला हा फरक काय ठाऊक? डेव्हिड फिग्लिओ आणि उमुत ओझेक या अभ्यासकांनी तिथे आधीपासून शिकणाऱ्या मुलांचे गुण तपासले. त्यांना घसरण सापडली नाही. दुसऱ्या वर्षी तर, झालाच असेल तर, किंचित चांगला परिणाम दिसला. यावरून 'कुठेच कधीच ताण येत नाही' असं मी म्हणणार नाही. श्रीमंत देशातली, परदेशातून आलेल्या मुलांची सवय असलेली शाळा वेगळी आणि आधीच मोडकळीला आलेली शाळा वेगळी. पण 'परकं मूल आलं की आपलं मूल बुडालं' हे जे स्वयंसिद्ध म्हणून सांगितलं जातं, ते तसं नाही एवढं तरी यातून निघतं.

ताण खरोखर असह्य होतो तेव्हा काय घडतं, ते लेबनॉनमध्ये दिसलं. जेमतेम काही दशलक्ष वस्तीचा तो देश. सीरियातल्या युद्धानंतर तिथे १० लाखांहून अधिक निर्वासितांची नोंद झाली. सरकारी शाळांनी दुपारची पाळी सुरू केली, सीरियन मुलांसाठी. त्या पाळीला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. ती नसती तर कित्येक मुलांनी शाळेचं तोंडही पाहिलं नसतं. पण तिची दुसरी बाजूही बघावी लागते. इमारत तीच, फळा तोच, बाकही तोच. सकाळी त्यावर एक मूल बसतं, दुपारी दुसरं, आणि भेटलीच तर ती दोघं फाटकात भेटतात. शाळा मिळाली, वर्गमित्र मिळाला नाही. आणि हे होतं तेव्हा मुलांच्या मनाचा मोठेपणा काय करणार? सकाळच्या पाळीतलं मूल संताचं काळीज घेऊन जन्मलं असलं तरी दुपारच्या मुलाशी मैत्री कुठल्या वेळात करणार?

१९५१च्या निर्वासितविषयक कराराच्या २२व्या कलमात म्हटलं आहे की प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना देशाच्या नागरिकांसारखीच वागणूक मिळावी. कागदावर ही फार मोठी गोष्ट आहे. प्रत्यक्षात २०२२च्या अखेरीस जगात शाळेच्या वयाची १ कोटी ४८ लाख निर्वासित मुलं होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक शाळेबाहेर होती, असं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचा अहवाल सांगतो. म्हणजे आपण ज्या मिठ्यांवर भांडतो, त्या ज्यांना दारापर्यंत पोचता आलं त्यांच्या वाट्याच्या. पण मी दाराच्या आतलंच बोलते आहे. करार बाक देऊ शकतो. शेजारी कोण बसेल ते कुठलाही करार लिहू शकत नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो आणि तो मला जास्त विचार करायला लावतो: आधी भाषा येऊ दे, मग वर्गात मिसळू दे, नाहीतर ते मूल नुसतं बसून राहील. बसून राहतं, हे खरं. नवी भाषा कानावर पडू लागली की पुष्कळ मुलं आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने गप्प असतात. ती मंद नसतात, रुसलेली नसतात. ती साठवत असतात. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी एक भेद दाखवून दिला, जो प्रत्येक शिक्षकखोलीत टांगून ठेवावा असा आहे. बोलण्याची, खेळण्याची, भांडण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते. पुस्तकातली, परीक्षेतली भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. यातून शिक्षकांची बाजू अर्धी खरी ठरते: मैदानावर पोपटासारखं बोलणारं मूल इतिहासाच्या पेपरात कोरं पान देतं, तेव्हा ते आळशी नसतं, त्याला वेगळी शिकवणी लागते, आणि तीही वर्षानुवर्षं. पण उरलेली अर्धी बाजू कोसळते. 'भाषा आल्यावर मिसळू' म्हणायचं तर कुठली भाषा? परीक्षेची असेल तर तोवर प्राथमिक शाळा संपली. खेळातली असेल तर ती खेळल्याशिवाय कुठून येणार? पोहता आल्यावरच पाण्यात उतरायचं, असं सांगण्यासारखं आहे ते. दिवसातले एक-दोन तास वेगळे, बाकी सगळा दिवस सगळ्यांबरोबर, यात अवघड काय आहे ते मला उमगलेलं नाही. वेळापत्रक करणाऱ्याला त्रास होतो, हे कारण मी ऐकलंय. ते खरंही असतं.

आता पहिल्या बाजूकडे, देवाघरच्या फुलांकडे. त्यांच्याशी माझं भांडण जास्त आहे, कारण ती माझीच बाजू समजली जाते. 'मुलांना सीमा कळत नाहीत' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याने मधल्या सुट्टीत कधी मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिलं नसावं. मुलांना सीमा मोठ्यांपेक्षा लवकर कळतात. कुणाचा डबा कुणाबरोबर, कुणाचा उच्चार हसण्यासारखा, कुठल्या पायरीवर कोणी बसायचं नाही, हे सगळं पहिल्या आठवड्यात ठरलेलं असतं. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४मध्ये ओक्लाहोमातल्या एका शिबिरात २२ मुलगे नेले. सगळे अकरा-बारा वर्षांचे, एकाच वर्णाचे, सारख्याच घरांतले, एकमेकांना अनोळखी. त्यांचे दोन गट केले, स्पर्धा लावल्या, आणि बघता बघता झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी, शिवीगाळ. मग दोन्ही गटांना नुसतं एकत्र आणलं, एकत्र जेवायला बसवलं. तेव्हा त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. पालटलं ते शिबिराचं पाणी बंद झालं तेव्हापासून. टाकी दुरुस्त करायची, बंद पडलेला ट्रक ओढायचा, हे एका गटाच्या ताकदीबाहेरचं होतं. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. अडचणी घडवून आणलेल्या होत्या आणि भांडणालाही संयोजकांनी हातभार लावला होता. मला ती टीका पटते. पण तिचा अर्थ काय? मोठ्यांनी रचना केली तशी मुलं वागली, भांडली तेव्हाही आणि जुळली तेव्हाही.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी त्याच वर्षी, १९५४मध्ये, हे सिद्धांताच्या भाषेत मांडलं होतं. नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाही, कधी कधी वाढतो. तो कमी व्हायला दोघांचा दर्जा त्या जागेपुरता तरी समान लागतो, उद्दिष्ट सामायिक लागतं, सहकार्य लागतं आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो. यातला पहिला शब्द बघा: दर्जा. स्वागत करणारा आणि स्वागत करून घेणारा, मदतनीस आणि मदतीला पात्र, यांत समान काय आहे? तो सोहळा कितीही गोड असला तरी पहिल्याच दिवशी मूल खालच्या पायरीवर उभं राहतं, आणि सगळ्यांसमोर.

याला वर्गातलं उत्तर कसं दिसतं, तेही झालेलं आहे. १९७१मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नव्यानेच एकत्र शिकवायला सुरुवात झाली होती आणि शाळांत मारामाऱ्या चालल्या होत्या. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषणं दिली नाहीत, बंधुभावाच्या घोषणा लिहिल्या नाहीत. त्यांनी धडा फाडला. पाच-सहा मुलांचा गट, धड्याचे तेवढेच तुकडे, प्रत्येकाला एक. आपला तुकडा आपण शिकायचा आणि इतरांना शिकवायचा. परीक्षा सगळ्या धड्यावर. आता ज्या मुलाला इंग्रजी अडखळत येतं त्याच्याकडेही एक तुकडा असतो आणि तो दुसऱ्या कुणाकडे नसतो. सुरुवातीला अशा मुलाची गटात टर उडालीच. पण त्याला हसून गप्प केलं तर आपलेच गुण जाणार, हे ध्यानात आल्यावर मुलं नीट प्रश्न विचारू लागली. वाट बघू लागली. नीट विचारलं की त्याला सांगता येतं, हेही कळलं. ती मुलं त्या दिवशी अधिक चांगली झाली होती का? मला नाही वाटत. त्यांचं अडलं होतं. माणूस माणसाला आधी गरजेने ओळखतो, आवड मागून येते. लग्नापासून व्यापारापर्यंत आपण हे बिनतक्रार मानतो आणि मुलांच्या बाबतीत मात्र निखळ प्रेमाचा हट्ट धरतो.

आणखी एक युक्तिवाद समंजस स्वरात केला जातो: ही मुलं उद्या परत जाणार, मग त्यांना इथे रुजवण्याचा खटाटोप कशाला? त्यांची भाषा, त्यांची शाळा त्यांना वेगळी द्या. यात तथ्य नाही असं नाही. दुसऱ्या महायुद्धात फिनलंडने सुमारे ७० हजार मुलं सुरक्षिततेसाठी मुख्यतः स्वीडनला पाठवली. स्वीडिश घरांनी त्यांना इतकं आपलंसं केलं, की परतलेल्या कित्येक मुलांना आपल्याच आईशी फिनिशमध्ये बोलता येईना. मिसळण्याची किंमत असते, आणि ती मूल भरतं. तिबेटी निर्वासितांच्या मुलांसाठी भारत सरकारने १९६१मध्ये वेगळ्या शाळांची यंत्रणा उभी केली, ती त्या समाजाच्या नेत्यांनी भाषा आणि संस्कृती टिकावी म्हणून मागितली होती. तो वेगळेपणा हाकलून दिलेला नव्हता, मागून घेतलेला होता, आणि हा फरक लहान नाही. पण 'परत जाणार' या भाकितावर शाळा बांधणाऱ्यांनी कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवावं. १९४३पासून तिथल्या छावणीत सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतांशी बायका आणि मुलं. स्वतःच्या शाळा, स्वतःचं चर्च, स्वतःची नाटकं. सगळी तयारी पोलंडला परतण्याची. युद्ध संपलं, पोलंडचा नकाशाच बदलला, आणि छावणी १९४८मध्ये उठली तेव्हा बरेच जण ब्रिटनला, ऑस्ट्रेलियाला, आणखी कुठे कुठे पांगले. ज्या देशासाठी मुलांना तयार केलं होतं तो देशच उरला नव्हता. निर्वासिताचं मूल कुठे मोठं होणार, हे आजवर कोणत्या सरकारला आधी सांगता आलं आहे? ज्याचा उद्या ठाऊक नाही त्याला आजचा वर्ग तरी पुरता द्यावा, मातृभाषेचा तास जोडून.

आघाताचा मुद्दा उरतो, आणि तिथे मी समोरच्यांशी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. बॉम्ब पाहून आलेल्या मुलाचं मन सावरणं हे दुसऱ्या मुलाचं काम नाही. ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे, आणि तो माणूस नेमायला पैसे लागतात म्हणून 'मुलं एकमेकांना सावरतात' अशी सोयीची समजूत पसरते. याच कारणासाठी त्या मुलाला परिपाठाला उभं करून 'तुझी गोष्ट सांग' म्हणणं बंद व्हायला हवं. त्याची गोष्ट म्हणजे आपल्या मुलांच्या मूल्यशिक्षणाचा धडा नव्हे. ज्या मुलाने त्याच्या घराबद्दल विचारलं नाही आणि नुसतंच 'रबर आहे का?' म्हटलं, त्याने त्या सकाळी अधिक बरं केलं.

शिवाय स्वागत ही गोष्ट भरवशाची नसते. १९३८च्या डिसेंबरपासून युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १० हजार मुलं, बहुतेक ज्यू, नाझींच्या तावडीतून सुटून आगगाडी-बोटींनी ब्रिटनला पोचली. छायाचित्रकार होते, गळ्यात क्रमांकाच्या पाट्या अडकवलेली मुलं होती, लोक हळहळले होते. १९४०च्या उन्हाळ्यात हवा फिरली आणि त्याच मुलांपैकी जी सोळा ओलांडून गेली होती त्यांतल्या सुमारे हजार जणांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून स्थानबद्ध केलं गेलं. दीड वर्षात पाहुणा शत्रू झाला. पाहुण्याचं असंच असतं. त्याला घरात ठेवायचं की नाही हे दर वेळी यजमान ठरवतो. भिडूचं तसं नसतं. त्याला काढायचं तर डाव मोडावा लागतो.

या सगळ्यात यजमान मुलांच्या एका नुकसानीबद्दल मात्र दोन्ही बाजू अवाक्षर काढत नाहीत. निर्वासित कुटुंबांची सोय सारखी बदलत असते. अर्ज नाकारला जातो, दुसऱ्या गावी घर मिळतं, तिसऱ्या देशात नातेवाईक सापडतो, आणि मूल एका शुक्रवारी असतं, सोमवारी नसतं. निरोप समारंभ सहसा होत नाही. स्वागताला जमलेल्यांना तारीखच ठाऊक नसते. 'म्हणूनच जीव लावू देऊ नका' असं सांगणारे पालक मी पाहिले आहेत आणि त्यांना मी चूक म्हणू शकत नाही, फक्त असं विचारते, की जीव लागल्याचा पुरावा आणखी काय असतो?

तो रिलेवाला मुलगा पुढच्या वर्षी सहामाहीनंतर गेला. कुठे, ते शाळेलाही नीट कळलं नव्हतं. मी त्या आठवड्यात गेले तेव्हा वर्गात कुणी फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं, कुणी रडतही नव्हतं. मैदानावर तुकड्या पाडणं चाललं होतं आणि "नवीन काय?" म्हणणारा तोच पोरगा पंचांशी हुज्जत घालत होता, की आमच्यात एक कमी आहे, त्यांच्यातला एक काढा, नाहीतर आम्ही खेळणार नाही. पंच म्हणाले, कुणालाही घ्या, तो काय, कच्चा लिंबू म्हणून घ्या त्या छोट्याला. पोरगा म्हणाला, "कच्चा नको. तिसऱ्या नंबरला पळणारा पाहिजे."